बघून टोचलेली सुई

मी सहज कोणाची स्तुती करणारा माणूस नाही. आमच्या रत्नागिरीच्या बाजूला तशी रीतच नाही. जेवण उत्तम झालं तर आम्ही "मीठ बरोबर पडलंय" म्हणतो आणि तेवढ्यावर बायकोने काय ते समजून घ्यायचं. पण आज मी जे लिहितोय त्यात तीन माणसांची स्तुती येणार आहे आणि ती उघड उघड येणार आहे. ज्यांना त्याचा कंटाळा येईल त्यांनी खुशाल पान उलटावं. ज्यांची लघवीची धार बारीक झालीय आणि जे घरात कोणाला त्याबद्दल बोलत नाहीत, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं. मी हे त्यांच्यासाठी लिहितोय.

बंदर खात्याच्या सर्व्हे लाँचवर मी चौतीस वर्षं काढली. खाडीच्या तोंडाशी गाळ किती साचला, गलबताला वाट कुठून आहे, खडक कुठे आहे, हे आम्ही मोजायचं आणि साहेबाने नकाशावर मांडायचं. सारंग, म्हणजे लाँचचा मुख्य खलाशी, म्हणून निवृत्त झालो. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमची वाडी आहे. घरात मी आणि माझी बायको शेवंती, दोघंच. मुलगी कुंदा लग्न होऊन मुंबईला परळला असते.

हे एकोणनव्वद सालचं. वय एकसष्ट. रात्रीतून चार-पाच वेळा उठायला लागलो. शेवंती म्हणाली, "म्हातारे झालात, दुसरं काय." मलाही ते पटलं. माणूस रोगापेक्षा म्हातारपण लवकर कबूल करतो. पुढे पुढे असं झालं की कुठेही गेलो की मी आधी आडोसा शोधायचो आणि मग माणसांकडे बघायचो. एका मुंजीत पंगतीतून दोनदा उठलो तेव्हा शेवंतीनेच मला नाना डॉक्टरांकडे पाठवलं.

नानांचं बोट

नाना म्हणजे रत्नागिरीच्या बाजारपेठेतले जुने डॉक्टर. तोंडाने फटकळ. पेशंटला अरे-तुरे करणार, पण चार दवाखाने टाकून त्यांच्याकडेच गर्दी. त्यांनी मला दोन-चार प्रश्न विचारले आणि हातात रबरी मोजा चढवला.

"कुशीवर हो. गुडघे पोटाशी घे."

"नाना, हे काय?"

"तुझ्या बंदराच्या तोंडाशी काय साचलंय ते बघतोय. गप पड."

ज्यांची ही तपासणी व्हायची आहे त्यांना सांगतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. लाज वाटते, दुखत नाही. त्या लाजेपायी किती जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत ते मला नंतर कळलं.

नाना हात धुऊन आले आणि म्हणाले, "प्रोस्टेट वाढलीय. ती ह्या वयात सगळ्यांची वाढते. पण उजव्या अंगाला एक जागा टणक लागतेय, सुपारीसारखी. ती मला आवडली नाही. तुकडा काढून तपासायला हवा."

"कॅन्सर काय?"

"तपासल्यावर सांगेन. आधी सांगायला मी काय ज्योतिषी आहे?"

त्यांनी कोल्हापूरला एका सर्जनकडे पाठवलं. तिथली पद्धत तेव्हा सगळीकडे होती तीच. डॉक्टर बोटाने गाठ चाचपणार आणि त्याच बोटाच्या कडेने लांब सुई आत सरकवणार. बोट सांगेल तिथे सुई. तीन वेळा टोचलं. बारा-तेरा दिवसांनी टपालाने कागद आला. इंग्रजी मला कामापुरतं येतं. कॅन्सर नाही, वयाप्रमाणे साधी वाढ, एवढं मला वाचता आलं.

आता आमची चूक सांगतो. कोल्हापूरला जाताना शेवंतीने ग्रामदेवीला नवस केला होता. कागद चांगला आला तर देवीची ओटी भरीन आणि वाडी जेवायला घालीन. कागद दुपारी आला आणि संध्याकाळी ती गुरवाच्या अंगणात उभी. चार दिवसांत नवस फेडून झाला. गोविंद गुरवाने देवळात खणखणीत गाऱ्हाणं घातलं की हे माये, तुझ्या लेकराच्या अंगातला आजार तू काढलास, त्याची पोचपावती घे. सगळी वाडी "होय म्हाराजा" म्हणाली आणि भात-वरण, काळ्या वाटाण्याची उसळ जेवून घरी गेली. मीही दोनदा भात घेतला. कागद गुरवाकडे आधी गेला आणि डॉक्टरकडे नंतर. असलं आमच्याकडेच होऊ शकतं.

आठवड्याने मी ऐटीत नानांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि मोजा चढवला. पुन्हा तेच, कुशीवर हो.

"कागद चांगला आहे," ते म्हणाले, "पण माझं बोट त्याला कबूल नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सुई बाजूने गेली असणार. त्या सर्जनचा दोष नाही. आंधळ्या सुईला काय दिसतंय? नकाशात खडक दाखवला नाही म्हणून खडक नाहीच, असं तू चौतीस वर्षांत कधी साहेबाला सांगितलंस काय रे?"

नाना म्हणाले की मुंबईला एक सोनोग्राफीवाल्या बाई आहेत, त्यांच्याकडे नवीन मशीन आलंय. त्या पडद्यावर बघत बघत सुई घालतात. तिकडे जा.

"नाना, नवस फेडून झाला," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या माणसालाही ह्यावर काय औषध द्यावं ते सुचलं नाही.

डावा कौल

घरी सांगितलं तर शेवंती चुलीपुढून उठलीच. "आजार गेला म्हणून देवीला सांगितलं. वाडी जेवून गेली. आता परत शोधायला जायचं म्हणजे तिला खोटी पाडायची. आणि गाठीला सारखी सुई लावली की ती पसरते म्हणतात." शेजारच्या दोघींनीही हेच सांगितलं. आमच्याकडे सल्ल्याला तोटा नाही.

त्या दिवशी मी तिला विरोध केला नाही. केला असता तर ती ऐकती. खरी गोष्ट अशी की मला भीती वाटत होती. हातात चांगला कागद असताना उठून वाईट कागद आणायला कोण जातो? शेवंती देवीचं नाव घेत होती आणि मी देवी आणि शेवंती दोघींच्या मागे लपलो होतो. असे दोन महिने गेले. नानांनी दोनदा निरोप धाडला, मी दोनदा "येतो" म्हणून सांगितलं.

गणपती गेले त्या आठवड्यात नाना स्वतः आले. रिक्षा वाडीत येत नाही, म्हणून रस्त्यापासून उन्हातून चालत, धोतराने घाम पुसत. दवाखाना बंद ठेवून आलेला डॉक्टर मी जन्मात पहिल्यांदा बघितला. माझ्याशी ते बोललेच नाहीत. पडवीत बसून शेवंतीला म्हणाले, "वहिनी, मला तुमच्या देवीशी भांडायचं नाही. तुमचा नवरा मला आणखी वीस वर्षं शिव्या द्यायला हवा आहे. गाठ लहान आहे तोवर सापडली तर ती जळून जाईल. उशीर झाला तर माझ्या हातात काही नाही, देवीच्या हातात काय आहे ते तुम्ही तिला विचारा."

"विचारते," शेवंती म्हणाली. "कौल लावते."

"लावा. पण उद्याच लावा."

बाहेरच्यांसाठी सांगतो. कौल लावायचा म्हणजे गुरव देवीच्या मूर्तीवर उजव्या आणि डाव्या अंगाला कळ्या पाण्याने चिकटवतो, आपला प्रश्न देवीला सांगतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर देवीचं हो. डावी पडली तर नाही. आमच्या घरात ह्याशिवाय पान हलत नाही. कुंदाचं लग्न ठरलं तेव्हा उजवा कौल मिळेपर्यंत शेवंतीने मुलाकडच्यांना चार महिने थोपवून धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी गोविंद गुरवाने विचारलं, ह्याने परत सुई लावून घ्यायला मुंबईला जावं काय? आम्ही बसलो. बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावी कळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

गुरव हळूच म्हणाला, "परत लावू काय?" शेवंतीने मान हलवली, नको. ती पुढे झाली, मूर्तीपुढे वाकली आणि तोंडातल्या तोंडात बराच वेळ काही बोलली. मला मनातून बरंच वाटत होतं, ते पण सांगून टाकतो.

घरी आल्यावर तिने माळ्यावरची ट्रंक काढली आणि माझे लेंगे घडी घालायला लागली.

"कुठे?" मी विचारलं.

"मुंबईला."

"कौल डावा पडला ना?"

"पडला. नाना एवढा उन्हातून आला तो उगाच नाही आला. मी देवीला सांगून आलेय. कौल मोडतेय ती मी मोडतेय. राग धरायचा तर माझ्यावर धर, काय द्यायचं ते मला दे, ह्यांना हात लावू नको."

मी परसात गेलो आणि नारळाच्या आळ्याजवळ उभा राहून रडलो. मला दर्याची भीती कधी वाटली नाही, वादळातही नाही. पण शेवंतीइतका धीर माझ्यात नव्हता. देव मानत नाही तो कौल मोडेल, त्यात काय मोठं? ती मानत होती आणि तरी मोडत होती.

प्रवास

सकाळच्या एसटीने निघालो. गाडी सुटायच्या आधी शेवंती थेट ड्रायव्हरकडे गेली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या माणसाला लघवीचा त्रास आहे. मधे थांबवाल काय?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, काकांनी नुसता हात वर करायचा. मी आरशात बघतो."

चिपळूणपर्यंत दोनदा हात वर केला, पुढे महाडच्या अलीकडे आणखी दोनदा. कोणी हूं का चूं केलं नाही. उलट शेजारचा देवरूखचा एक मास्तर प्रत्येक वेळी माझ्याबरोबर खाली उतरत होता. चौथ्या वेळी करवंदीच्या जाळीशी उभे असताना तो म्हणाला, "मलापण दीड वर्षं आहे हो. घरात बोललो नाही." मी त्याला नानांचा पत्ता दिला. तो गेला की नाही देव जाणे.

नीला मॅडम

डॉक्टर नीला ह्यांची खोली लहान, थंडगार आणि अंधारी. कुंदा आम्हाला तिथे घेऊन आली होती. बाहेरच्या बाकावर आमच्यासारखे पाच-सहा. दार उघडून बाई आल्या तेव्हा मी हबकलोच. आमच्या कुंदाच्या वयाची मुलगी. साधी सुती साडी, वर पांढरा कोट. नानांनी बाई म्हणून सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात कोणी पिकल्या केसांची बाई होती.

मी कुंदाला बाजूला घेतलं. "दुसरा कोणी पुरुष डॉक्टर नाही काय?"

मॅडमने ऐकलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, ह्या मशीनवर सध्या मीच आहे. मी तुमची लाज बघायला बसले नाही, गाठ बघायला बसलेय. पाच मिनिटं विचार करा, मी दुसरा पेशंट घेते."

शेवंतीने मला पाच मिनिटं दिली नाहीत. "गप आत जा. कौल मोडून आणलंय तुम्हाला."

आत गेल्यावर मी बघितलं, जेलीची बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली होती. थंड जेलीने पेशंट दचकतो म्हणून मॅडम ती कोमट करून घ्यायच्या. ही गोष्ट त्यांना कोणी पुस्तकात शिकवली नसणार. बोटाएवढी नळी पाठीमागून आत जाते, तिच्या टोकाला आवाज सोडणारं आणि ऐकणारं यंत्र असतं. मॅडमने पडदा मला दिसेल असा वळवला. करड्या रंगात काहीतरी हलत होतं.

मी कुशीवर पडल्या पडल्या म्हटलं, "हे तर आमचं इको साउंडर."

"काय?"

मग मी त्यांना सांगितलं. लाँचच्या बुडातून आवाज खाली सोडायचा, तो तळाला आपटून वर येतो, किती वेळाने आला त्यावरून खोली कळते. मॅडमचा हात थांबला आणि त्या चक्क हसल्या. "काका, तुम्ही माझे पहिले पेशंट, ज्यांना मला काही समजावून सांगावं लागलं नाही."

"पण मॅडम, त्यात एक मेख आहे," मी म्हटलं. "यंत्र खोली सांगतं. खाली वाळू आहे की चिखल, ते खात्रीने सांगत नाही. त्याला आम्ही शिसं टाकायचो. शिशाच्या गोळ्याला बुडाशी खळगा असतो, त्यात चरबी भरायची. तळाला टेकला की जे असेल ते चिकटून वर येतं."

"अगदी तेच. पडद्यावर मला जागा दिसते, ती गाठ कसली आहे ते दिसत नाही. त्याला सुई लागते. कोल्हापूरला तुमचं शिसं टाकलं गेलं, पण कुठे पडतंय ते कोणाला दिसत नव्हतं." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. करड्यात एक काळसर डाग होता, चिंचोक्याएवढा. "नानांच्या बोटाला हिची कड लागली. गाठ पुढे, आतल्या बाजूला आहे. बोटाच्या आधाराने सुई तिथवर पोचणं कठीण."

मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. कॅन्सर आहे की नाही ते कळायचं होतं, पण कोणीतरी बघत होतं.

नळीच्या कडेने सुई सरकली तेव्हा पडद्यावर एक पांढरी रेघ पुढे जाताना मला दिसली. मॅडम म्हणाल्या, "आता खटका वाजेल, तेव्हा सुई तुकडा घेईल." खटका वाजला, आतून चाबूक बसल्यासारखं झालं. दुखलं काय? दुखलं, खोटं कशाला सांगू. पण प्रत्येक खटक्याआधी त्या सांगत होत्या, आणि सांगून आलेलं दुखणं सोसवतं. चार झाले, ते डागाच्या आजूबाजूला. पाचव्याला त्यांनी सुई थांबवली, मागे घेतली. "टोक डागात दिसत नाहीये. परत घालते." पुन्हा सरकवली, पुन्हा मागे घेतली. बाहेर बाक भरलं होतं, नर्स दोनदा डोकावून गेली. मॅडमची मान वळली नाही. टोक डागात दिसेपर्यंत त्यांनी खटका दाबला नाही. सहावाही तसाच.

आमच्या लाँचवर एक साहेब होते, एक आकडा चुकीचा वाटला तर अख्खी ओळ परत मोजायला लावायचे. आम्ही त्यांना पाठीमागे शिव्या द्यायचो. त्यांनी आखलेल्या वाटेत एकही गलबत खडकाला लागलं नाही. त्या खोलीत पडल्या पडल्या मी मॅडमला मनोमन त्या साहेबांच्या शेजारी बसवलं. माझ्याकडे त्याच्यावरची जागा नाही.

दोन दिवस लघवी लाल झाली. घाबरायचं कारण नव्हतं, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

सापडलं

आठ दिवसांनी मॅडमने आम्हां दोघांना बसवून स्वतः सांगितलं. त्या "कॅन्सर आहे" असं आधी म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, सापडलं."

मी फरशीकडे बघत राहिलो. शेवंतीने विचारलं, "लवकर सापडलं की उशिरा?"

"लवकर, मावशी. सहापैकी दोनच तुकड्यांत आहे, शेवटच्या दोनांत. गाठीच्या बाहेर गेल्याचं दिसत नाही."

शेवटचे दोन. म्हणजे ज्यांच्यासाठी त्या अडून बसल्या होत्या ते. चार खटक्यांवर समाधान मानलं असतं तर माझ्या हातात दुसरा चांगला कागद आला असता आणि मी तो घेऊन घरी मरायला गेलो असतो.

शेवंती बाहेर व्हरांड्यात आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "बरं झालं आलो." आणि थोड्या वेळाने, "पण कौल मी मोडलाय." मी म्हटलं, आता ते सोड.

पुढे साडेसहा आठवडे विजेचा शेक, म्हणजे कोबाल्टचं मशीन. कमरेवर जांभळ्या शाईच्या खुणा करतात, त्या पुसायच्या नाहीत. पोटभर पाणी पिऊन जायचं आणि थांबवून धरायचं, ज्याच्यासाठी हे सगळं रामायण झालं तेच. यंत्राखाली दोन मिनिटं, बाहेर दोन तास. थकवा एवढा की चमचा जड वाटावा. जुलाब, आग, चिडचिड. तोंडाला चव नव्हती आणि कुंदा रोज काहीतरी करून वाढायची, ते मी ढकलून द्यायचो आणि मग वाईट वाटून घ्यायचो.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या घरी भांडण झालं. पहिल्या कागदानंतर आम्ही दोन महिने घरी बसलो होतो, हे कुंदाला तोवर माहीत नव्हतं. कळल्यावर ती आईवर कडाडली. "देवीपायी दोन महिने घालवलेस? बाबांना काही झालं असतं म्हणजे?" शेवंती भाजी निवडत होती, तिने मान खाली घातली आणि निवडत राहिली.

ते मला बघवलं नाही. मी अंथरुणातून उठून बसलो. म्हटलं, "कुंदे, तिला बोलू नको. दोन महिने मी घालवले. मला भीती वाटत होती आणि मी तुझ्या आईच्या पदरामागे लपलो होतो. ती नसती तर मी आजसुद्धा घरी बसलो असतो." आजारपणात मी जी काही शहाणपणाची गोष्ट केली असेल ती एवढीच. आजारी माणसाच्या घरात दोष कुणाच्या तरी गळ्यात घालावासा वाटतो आणि तो बहुतेक वेळा गप्प बसणाऱ्याच्या गळ्यात पडतो. पुरुषांनी हे लक्षात ठेवावं. नवस बोलायचा तर जरूर बोला, पण कागद आधी डॉक्टरला दाखवा.

रत्नागिरीला परतल्यावर नानांनी तपासलं आणि म्हणाले, "माझं बोट खूश आहे." मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हटलं, "नाना, तुमचे उपकार झाले."

"पुढच्या महिन्यात परत ये," ते म्हणाले, "आणि लेंग्याची नाडी जरा सैल बांधून ये, वेळ जातो."

शेवंतीची पाळी

वर्षाने मॅडमकडे पुन्हा तपासणीला गेलो. एसटीत मी एकदाच हात वर केला. शेवंती मात्र उजव्या बरगडीखाली हात दाबून बसली होती. विचारलं तर "काही नाही, बस लागली." मग मला एकेक आठवायला लागलं. ती तळलेले बांगडे खायची बंद झाली होती. जेवण अर्ध्यावर सोडायची. माझ्या पथ्याच्या गडबडीत मी तिच्या ताटाकडे बघितलंच नव्हतं.

माझी तपासणी झाली. डाग नव्हता. मॅडमने सांगितलं तेव्हा मी हात जोडले. बाहेर येऊन शेवंतीला सांगितलं, "स्वच्छ आहे."

तिने डोळे मिटले. मग शांतपणे म्हणाली, "तुमचं झालं ना? आता माझं आलंय."

"काय आलंय?"

"पोटात आहे. सहा महिने झाले. मीच सांगितलं होतं ना तिला, काय द्यायचं ते मला दे म्हणून. तुमचा शेक संपला तेव्हापासून वाट बघतेय. कोणाला सांगून काय करायचं? बोलले ते बोलले."

मी तिच्याशेजारी बसलो. मी वर्षभर बरा होत होतो, झोपत होतो, जेवत होतो, आणि माझ्या बाजूला ही बाई आपल्या पाळीची वाट बघत अंथरूण घालत होती. मला स्वतःची एवढी लाज त्या नळीच्या वेळीही वाटली नव्हती. मी उठलो आणि मॅडमचं दार न ठोकता उघडलं.

हिच्या पोटात सहा महिने दुखतंय, एवढंच मी सांगितलं. मॅडमने पुढचा पेशंट थांबवला आणि शेवंतीला टेबलावर घेतलं. कोमट जेली पोटावर लावली. शेवंती छताकडे बघत होती, हात घट्ट आवळलेले. मी पडद्याकडे बघत होतो, पण मला त्यातलं काही कळत नव्हतं. मॅडम इकडून बघत, तिकडून बघत, तिला कुशीवर वळवून बघत. त्यांना घाई नव्हती आणि त्या दिवशी मला ते सहन होत नव्हतं.

"मावशी," अखेर त्या म्हणाल्या, "पित्ताच्या पिशवीत दोन खडे आहेत. ते दुखतायत. बाकी सगळं चांगलं आहे."

"कॅन्सर?"

"नाही."

"नीट बघितलंत?"

"तुमच्यासमोर बघितलं ना? हे बघा, हे दोन पांढरे. बस, एवढंच."

शेवंतीने मान वळवून पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "केवढे आहेत?"

"कुळथाच्या दाण्याएवढे."

ती उठून बसली. पोटावरची जेली पुसायची तिला शुद्ध नव्हती. दोन्ही हात जोडले ते मॅडमना नाही, मला नाही, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. "दोन खड्यांवर सोडलंस गो माय," ती म्हणाली आणि त्या टेबलावर बसूनच हुंदके देऊन रडायला लागली. मॅडम नर्सला म्हणाल्या, बाहेरच्यांना सांग, अजून थोडा वेळ लागेल.